अपघाताच्या क्लेमचे पैसे मिळाले, आता इन्कम टॅक्स भरायचा का? कोकणातल्या घरांसाठी सविस्तर

आधी सरळ उत्तर देतो, मग खोलात जाऊ. अपघातात माणूस जखमी झाला, कायमचं अपंगत्व आलं किंवा घरातलं कोणी गेलं आणि त्यापोटी कोर्टाने नुकसानभरपाई दिली, तर त्या मूळ रकमेवर इन्कम टॅक्स नाही, मग ती २ लाख असो की ६० लाख. भानगड आहे ती त्या रकमेवर मिळालेल्या व्याजाची, आणि त्याहून जास्त त्या व्याजावर कापून गेलेल्या टीडीएसची, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेल्या टॅक्सची. मी चिपळूणला रिटर्न भरायचं काम करतो आणि माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं टॅक्स किती लागेल ह्या भीतीने येतात, खरं तर त्यांना भरायचं काहीच नसतं, उलट त्यांचेच पैसे सरकारकडे अडकलेले असतात आणि त्यांना ते माहीतच नसतं. वाडीत कोणीतरी सांगितलेलं असतं की तीस टक्के जाणार, झालं, मग चेक आला तरी झोप नाही.

मूळ रकमेवर टॅक्स का नाही हे समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. कायद्याने टॅक्स उत्पन्नावर लागतो. हात गेला, पाय गेला, कमावता माणूस गेला, त्याची भरपाई म्हणजे कमाई नव्हे, ती भांडवली जमा आहे आणि अशी जमा उत्पन्न धरायची तर कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं लागतं, ते इथे नाही. वादळात हापूसचं कलम मुळासकट पडलं त्याची भरपाई वेगळी आणि त्या कलमाचे आंबे विकून आलेले पैसे वेगळे, तसंच हे. शिवाय नोकरदार माणसाची भरपाई काढताना न्यायाधिकरण त्याच्या पगारातून इन्कम टॅक्स आधीच वजा करून हिशोब धरतं, म्हणजे एकदा टॅक्स कापूनच आकडा आलेला असतो.

पहिलं काम: पैसे कुठून आले ते नक्की करा

'क्लेमचे पैसे' हा शब्द आपल्याकडे सगळ्याला वापरतात पण वाटा वेगळ्या आहेत. मुंबई-गोवा हायवेवर गाडीने उडवलं, गाडीच्या विमा कंपनीवर केस टाकली, तो मोटार वाहन कायदा १९८८ खालचा दावा, तो रत्नागिरी, ओरोस, अलिबाग वगैरे ठिकाणी जिल्हा न्यायाधीशांसमोर चालतो, ज्याला आपण एमएसीटी (मोटार अपघात दावा न्यायाधिकरण) म्हणतो. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. गाडी पळून गेली, सापडलीच नाही तर हिट अँड रनमध्ये मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, तीही भरपाईच, टॅक्स नाही.

मच्छीमारांचं वेगळं आहे. होडीवरचा अपघात एमएसीटीत जात नाही कारण होडी म्हणजे मोटार वाहन नव्हे. तिथे पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा असतो, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व अडीच लाख. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जातात त्या सुरक्षा विम्याचे २ लाख, शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे योजनेचे २ लाख, ह्यातल्या कशावरही टॅक्स नाही. निसर्ग, तौक्ते किंवा २०२१ च्या पुरात सरकारने आपत्तीची म्हणून दिलेली मदत तर कायद्यातच नाव घेऊन माफ आहे, जुन्या कायद्यातलं कलम १०(१०बीसी), फक्त त्याच नुकसानीची वजावट तुम्ही धंद्याच्या हिशोबात आधीच घेतली असेल तर तेवढा भाग सोडून.

हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून आलं, ते खर्चाची परतफेड, सोडून द्या. नोकरीच्या कंपनीने अपघाताच्या काळात पगारी रजा दिली तर तो मात्र पगारच, त्यावर नेहमीसारखा टॅक्स. ड्युटीवर असताना सरकारी कर्मचारी जखमी झाला किंवा गेला आणि सरकारने सानुग्रह रक्कम दिली तर सीबीडीटीचं (आयकर खात्याच्या वरच्या मंडळाचं) १९९९ चं ७७६ नंबरचं परिपत्रक आहे, ती उत्पन्न धरायची नाही.

दुसरं काम: अवॉर्डची (निकालपत्राची) नक्कल काढा आणि रकमेचे तुकडे करा

वकीलसाहेबांकडे झेरॉक्स असते ती चालवू नका, सही-शिक्क्याची नक्कल काढून घरात ठेवा, पुढे बँक, सीए, इन्कम टॅक्स सगळे तीच मागतात. नक्कल हातात आली की सगळं वाचत बसायची गरज नाही, शेवटच्या पानांवर हुकूम असतो तिथे जा. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं की सामनेवाल्यांनी अर्जदारांना अमुक रक्कम अर्ज दाखल तारखेपासून पूर्ण रक्कम वसूल होईपर्यंत द.सा.द.शे. इतक्या टक्के व्याजासह द्यावी, मग कोणाचा वाटा किती, मग कोणाच्या नावाने किती वर्षं एफडी. ह्या तीन ओळींवर तुमचा अख्खा टॅक्सचा प्रश्न उभा असतो.

आता कागदावर तीन रकाने करा. मूळ भरपाई, अर्ज टाकल्यापासून निकालापर्यंतचं व्याज, आणि निकालानंतर कंपनीने पैसे भरेपर्यंतचं व्याज. केस अपिलात गेली असेल तर हायकोर्टाने वाढवलेली रक्कमही अशीच वेगळी मांडा. रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, रायगडची मुंबईलाच.

लोकअदालतीत तडजोड केली असेल तर इथेच लोक फसतात. तिथे 'सर्व मिळून १५ लाख' असा एकच गोल आकडा लिहितात, भरपाई किती आणि व्याज किती काही नाही, आणि मग कंपनी स्वतःच्या हिशोबाने त्यातला काही भाग व्याज धरून टीडीएस कापते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करायच्या आधीच पुरशीसमध्ये (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या कागदात) भरपाई किती, व्याज किती किंवा व्याज नाही हे स्पष्ट लिहून घ्या. वकील म्हणतील त्याने काय फरक पडतो. पडतो.

तिसरं काम: पैसे कुठल्या तारखेला आले

व्याज दहा वर्षांचं असलं तरी आयकरासाठी ते ज्या वर्षी हातात आलं त्या वर्षाचं धरतात. आणि आता तारखेला फारच महत्त्व आलंय, कारण १ फेब्रुवारी २०२६ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की एमएसीटीने व्यक्तीला दिलेल्या व्याजावर टॅक्स नाही आणि टीडीएससुद्धा नाही. हे १ एप्रिल २०२६ पासून, म्हणजे नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला तेव्हापासूनच्या पैशांना. त्यामुळे एमएसीटीचे पैसे ह्या तारखेनंतर आले असतील तर मूळ रक्कमही माफ, व्याजही माफ, तुम्ही थेट खाली एफडीच्या भागावर जा. तरी कंपनीने सवयीने टीडीएस कापलाच तर त्यांना लेखी कळवा आणि रिटर्नमध्ये परत मागा.

३१ मार्च २०२६ पर्यंत आलेल्या पैशांना मात्र जुना कायदा. त्यात दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत. एकीकडे कलम ५६(२)(viii), नुकसानभरपाईवरचं व्याज 'इतर उत्पन्न' म्हणून धरा, आणि कलम ५७(iv) प्रमाणे त्यातलं निम्मं सरसकट वजा करा, म्हणजे टॅक्स उरलेल्या निम्म्यावर. वकिलाची फी, कोर्टाचे हेलपाटे, काही वेगळं वजा होत नाही. दुसरीकडे मुंबई हायकोर्टाचा ऑगस्ट २०१९ चा निकाल. १९७८ साली रस्ता ओलांडताना गाडीने उडवलेल्या आठ वर्षांच्या मुलाची ती केस, भरपाई पूर्ण मिळेपर्यंत तो प्रौढ झाला होता. कोर्टाने सांगितलं की अर्ज टाकल्यापासून निकाल लागेपर्यंतचं व्याज हा भरपाईचाच भाग आहे, ते उत्पन्न नाही, त्यावर टॅक्स नाही. आपण सगळे मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत, त्यामुळे हा निकाल आपल्या इथल्या आयकर अधिकाऱ्यांना लागू होतो, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तो एवढा हक्काने दाखवता येत नाही. निकालानंतर कंपनीने लावलेल्या उशिराचं व्याज मात्र मी टॅक्सला धरतो आणि निम्मं वजा करतो, तिथे उगाच ताणण्यात अर्थ नाही.

चौथं काम: टीडीएस शोधा

जुन्या नियमात एका अर्जदाराला वर्षात ५०,००० च्या वर व्याज दिलं की कंपनी कलम १९४ए खाली १० टक्के कापायची, आणि पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. कोर्टात रक्कम भरतानाच कापून भरतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं की वकिलाने किंवा कोर्टात कोणीतरी पैसे खाल्ले. बऱ्याचदा खाल्लेले नसतात, ते इन्कम टॅक्समध्ये तुमच्या नावावर पडून असतात.

बघायचं कसं, तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पॅनने लॉगिन करा, २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) उघडा, तिथे इन्शुरन्स कंपनीचं नाव, तिचा टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा) नंबर, सेक्शनच्या खाली १९४ए, दिलेली रक्कम आणि कापलेला टॅक्स अशी एक ओळ दिसेल. ह्यात 'दिलेली रक्कम' म्हणजे फक्त व्याजाचा आकडा असायला हवा. काही वेळा तिथे मूळ भरपाईसकट पूर्ण रक्कम चढवलेली असते, तसं दिसलं तर कंपनीकडे करेक्शन मागा, नाहीतर पुढे सिस्टिम तेवढं सगळं तुमचं उत्पन्न समजते. कंपनीकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, पण घ्या.

पॅन नसताना कापलेलं असेल तर ते २६एएसमध्ये दिसणारच नाही. आधी पॅन काढा, मग कंपनीला अर्ज करून त्यांच्या टीडीएस स्टेटमेंटमध्ये तुमचा पॅन टाकून घ्या. हे काम लांबतं, पाठपुरावा लागतो, तयारी ठेवा. ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनी सगळ्या अर्जदारांचे पॅन आत्ताच काढून ठेवावेत, आजीचा आणि अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांचासुद्धा.

आकड्यात बघू

समजा गुहागरकडच्या एका घरातला कर्ता माणूस गेला. २०१९ ला अर्ज, २०२५ ला निकाल, भरपाई १८ लाख, व्याज साडेसात टक्के, सहा वर्षांचं सरळ व्याज झालं ८,१०,०००. पैसे डिसेंबर २०२५ मध्ये आले. वाटणी अशी: बायकोला ५० टक्के, दोन अज्ञान मुलांना २०-२० टक्के, सासूबाईंना १० टक्के. म्हणजे व्याजात बायकोचे ४,०५,०००, मुलांचे प्रत्येकी १,६२,०००, सासूबाईंचे ८१,०००. सगळ्यांचे ५० हजारांच्या वर, म्हणून टीडीएस गेला ४०,५००, १६,२०० दोनदा, आणि ८,१००. एकूण ८१,०००. पॅन दिले नसते तर १,६२,०००.

आता टॅक्सच्या दृष्टीने सगळ्यात वाईट धरू, हायकोर्टाचा निकाल बाजूला ठेवू आणि सगळं व्याज उत्पन्न मानू. निम्मं वजा केल्यावर बायकोचे २,०२,५०० उरतात. अज्ञान मुलांचं उत्पन्न आईच्या उत्पन्नात मिळवावं लागतं, त्यांचे निम्म्याने ८१,००० दोनदा, असे एकूण ३,६४,५००. टॅक्सच्या नव्या पद्धतीत (न्यू रेजिम) ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. म्हणजे टॅक्स शून्य आणि आईच्या रिटर्नमधून ७२,९०० परत, सासूबाईंचे ८,१०० त्यांच्या रिटर्नमधून. बरं ती बाई कुठे नोकरीला असेल आणि तिचा करपात्र पगार ५ लाख असेल तरी सगळं मिळून साडेआठ-पावणेनऊ लाखांच्या आसपास, आणि २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट (लागलेल्या टॅक्सची माफी) आहे, तरीही शून्य. म्हणून म्हटलं, टॅक्सची भीती सोडा आणि रिफंडच्या मागे लागा.

पाचवं काम: रिटर्न भरा, आणि कसा भरायचा ते ठरवा

दोन रस्ते आहेत. एक, निकालापर्यंतचं व्याज हायकोर्टाच्या निकालावर बोट ठेवून माफ उत्पन्नात दाखवायचं. दुसरा, सगळं व्याज इतर उत्पन्नात दाखवून निम्मं वजा करायचं. तुमचा टॅक्स दोन्हीकडे शून्यच येणार असेल तर मी दुसरा रस्ता घेतो, कारण पहिल्यात टीडीएस मागितलाय आणि त्यासमोर करपात्र उत्पन्न काहीच नाही हे बघून रिफंड कधीकधी अडकतो, मग खुलासे देत बसा. व्याजच २०-३० लाखांचं असेल तर मात्र पहिला रस्ता, आणि तो चांगल्या सीएच्या सल्ल्याने.

ह्यात एक मेख आहे जी टॅक्सच्या पुस्तकात सापडणार नाही. रिटर्नवर उत्पन्न दिसलं की उत्पन्नाच्या अटी असलेल्या योजनांमध्ये प्रश्न येऊ शकतो. लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, आणि वरच्या हिशोबात रिटर्नवर ३,६४,५०० दिसतात. नुसतं रिटर्न भरलं म्हणून कोणी आयकरदाता होत नाही, टॅक्स शून्य आहे, पण अडीच लाखांची अट वेगळी. मुलांची शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, ह्या गोष्टी घरात महत्त्वाच्या असतील तर पहिला रस्ता घेण्याचं ते रास्त कारण आहे, कायद्याने ते व्याज उत्पन्न नाहीच असं आपलं हायकोर्ट सांगतंय.

फॉर्म कुठला? सायबर कॅफेवाले सरसकट आयटीआर-१ भरून देतात, इथे तो चालत नाही, कारण कलम ५७(iv) ची वजावट त्यात घेता येत नाही. आयटीआर-२ घ्या. व्याज शेड्यूल ओएसमध्ये, माफ रक्कम शेड्यूल ईआयमध्ये. मुलांच्या पॅनवरचा टीडीएस आईने मागताना टीडीएसच्या शेड्यूलमध्ये 'दुसऱ्या व्यक्तीचा' हा पर्याय निवडून मुलाचा पॅन टाकायचा. उलटही होतं, म्हणजे कंपनी सगळ्यांचा टीडीएस एकट्या बायकोच्या पॅनवर टाकते, तेव्हा आईला मुलांचा मिळतोच पण सासूबाईंचा भाग त्यांच्याकडे वळवायला कंपनीला लेखी कळवावं लागतं. मूळ भरपाईची १८ लाखांची रक्कम मी माफ उत्पन्नात दाखवून टाकतो, सक्ती म्हणून नाही, उद्या कोणी विचारलं तर कागदावर असावी म्हणून.

२०२५-२६ च्या रिटर्नची मुदत ३१ जुलै २०२६, चुकली तर उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. बँक खातं पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट करायला, म्हणजे आधीच पडताळून ठेवायला, विसरू नका, त्याशिवाय रिफंड येत नाही.

सहावं काम: एफडीकडे लक्ष

पैसे माफ, पण त्या पैशांनी पुढे कमावलेलं व्याज माफ नाही. बजेटमधली सवलत कोर्टाने दिलेल्या व्याजाला आहे, बँकेच्या एफडीच्या व्याजाला नाही, आणि ह्यात गोंधळ होतोच. बायकोच्या नावाने ७ लाखांची एफडी साडेसहा टक्क्यांनी असेल तर वर्षाला ४५,५०० व्याज, एका बँकेत ५० हजारांच्या आत असल्याने टीडीएस नाही, ज्येष्ठांना ही मर्यादा १ लाख. दुसरं काही उत्पन्न नसेल तर टॅक्सही नाही.

मुलांच्या एफडीचं जरा नीट बघा. ती बहुतेक १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत अडकवलेली असते, व्याज हातात येत नाही, आतच वाढत जातं, तरी बँक ते दरवर्षी इन्कम टॅक्सला कळवते आणि दरवर्षी ते आईच्या उत्पन्नात मिळवायचं असतं. शेवटच्या वर्षी एकदम दाखवू म्हटलं तर एआयएसशी (इन्कम टॅक्सकडे असलेल्या तुमच्या उत्पन्नाच्या नोंदींशी) मेळ बसत नाही. अपघातात मुलालाच कायद्यात बसणारं अपंगत्व आलं असेल तर त्याचं उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, त्याचं स्वतंत्र रिटर्न होतं. त्यासाठी अपंगत्वाचा सर्टिफिकेट हवा.

आता उरलेलं पटकन. कोकण रेल्वेच्या अपघातातले पैसे रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडून आले असतील, मृत्यूला ८ लाख, तर मूळ रक्कम माफच, पण बजेटमधली व्याजाची सवलत एमएसीटीपुरती आहे, तिथल्या व्याजाला निम्मं वजा करायचा रस्ताच धरा. धंद्याच्या टेम्पोच्या नुकसानीचे पैसे धंद्याच्या हिशोबात जातात, ते सीएकडे द्या, घरच्या गाडीचे असतील तर विषय नाही.

जुन्या वर्षांत टीडीएस गेला आणि रिटर्नच भरलं नाही, असं निम्म्या घरांचं असतं. मागची वर्षं सुधारायला अपडेटेड रिटर्न असतं पण त्यात रिफंड मागता येत नाही. त्यासाठी कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करायचा, त्या असेसमेंट वर्षाच्या (पैसे आले त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या) अखेरीपासून ५ वर्षांच्या आत. अर्जासोबत अवॉर्डची नक्कल, २६एएस, आणि उशीर का झाला त्याचं खरं कारण लिहा, घरातला कर्ता गेला, कोणाला माहिती नव्हती, कागद वकिलाकडे होते, जे असेल ते साध्या भाषेत. २०२०-२१ मध्ये पैसे आले असतील तर असेसमेंट वर्ष २०२१-२२, त्याची मुदत ३१ मार्च २०२७ ला संपते.